आर्डुइनो उनो किट: नववीच्या वर्गात वर्षभर वापरल्यावर

जूनमध्ये शाळेसाठी आर्डुइनो उनोचं (हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) रोबोटिक्स किट घेतलं; त्यातून एक छोटी गाडी जोडता येते. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते घ्यावं का? जरूर घ्यावं. आणि खोकं उघडल्यावर गाडी जोडायच्या आधी त्यातला अल्ट्रासॉनिक सेन्सर बाहेर काढावा.

एचसी-एसआर०४ नावाचा हा छोटा सेन्सर. एका डबीतून ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सुटतो, दुसरी डबी त्याचा प्रतिध्वनी टिपते. नववीतला सोनार, म्हणजे प्रतिध्वनीवरून अंतर मोजायची पद्धत, मी इतकी वर्षं फळ्यावर जहाज आणि समुद्राचा तळ काढून शिकवत आले. यंदा फूटपट्टीने २० सेंटीमीटर मोजून समोर पुठ्ठा धरला. लॅपटॉपवर ११६०च्या आसपास आकडे येऊ लागले: ध्वनी परत यायला लागलेला वेळ, मायक्रोसेकंदांत. जाऊन-येऊन ४० सेंटीमीटर, भागिले हा वेळ: उत्तर सेकंदाला साधारण ३४५ मीटर. ध्वनीचा वेग मुलांनी स्वतः काढला! त्या तासानंतर मला रोबोटिक्सचं अक्षरशः वेड लागलं. शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेतच थांबू लागले, आणि माझ्यासोबत मुलंही.

मग गाडी जोडली. समोर भिंत आली की थांबायची, पण भिंतीकडे तिरकी गेली की धडकायची. वायर तपासल्या, प्रोग्रॅम तपासला, सगळं ठीक. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आवाज परत येतच नसेल. तिरका आदळून तिरकाच जात असेल." आपतन कोन आणि परावर्तन कोन तिने लादीवर खडूने काढून दाखवले. स्वेटर समोर धरला तरी गाडी गोंधळते, कारण मऊ कापड ध्वनी शोषून घेतं. हेही मुलांनीच शोधलं.

आता खटकलेल्या गोष्टी. किटसोबत आलेली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरींना पुरेसा करंट देऊच शकत नाही. चाकं हलली की बोर्ड रीसेट होतो. त्यात मोटरींना वीज पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. चार्ज होणारे दोन १८६५० लिथियम सेल, होल्डर आणि त्यांचा योग्य चार्जर घ्या, प्रश्न मिटतो. लॅपटॉपला बोर्ड ओळखता यावा म्हणून स्वस्त बोर्डांना बहुधा सीएच३४० ड्रायव्हर हे सॉफ्टवेअर लागतं, ते वर्गात जायच्या आधीच लॅपटॉपवर टाकून ठेवा. शक्य असेल तर सॉकेटमध्ये बसवलेली मुख्य चिप असलेला बोर्ड निवडा, म्हणजे चिप जळली तर तेवढीच बदलता येते. भाग एकमेकांना जोडणाऱ्या जंपर वायरींची टोकं मुलांच्या हातात फार टिकत नाहीत, पण तो खर्च मी आनंदाने करते.

सध्या रेषेवरून चालणारी गाडी चालू आहे. तिचे इन्फ्रारेड सेन्सर खिडकीतल्या उन्हात चुकतात, म्हणून रेषेची पट्टी वर्गाच्या आतल्या बाजूला चिकटवलीय. पुढच्या वर्षी आठवीलाही हे सुरू करतेय. त्यासाठी आणखी बोर्ड नकोत, प्रत्येक गटाला स्वतःचा अल्ट्रासॉनिक सेन्सर मिळेल एवढे सेन्सर मात्र मागवलेत.