गंभीरचे ९७ की धोनीचे नाबाद ९१?

भाच्याला अजून ठरवता येत नाही, २०११च्या क्रिकेट विश्वचषकाची श्रीलंकेविरुद्धची फायनल नेमकी कुणी जिंकून दिली. धोनीचा विजयी षटकार घटकाभर बाजूला ठेवू.

परिस्थिती: वानखेडेवर २७५चं लक्ष्य. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, पाठोपाठ सचिन. २ बाद ३१. मलिंगाचा तो मारा गंभीरने झेलला, कोहलीबरोबर ८३ धावा जोडल्या. मातीने माखलेली त्याची जर्सी आठवते ना? धोनी आला तेव्हा ३ बाद ११४. इथे गंभीर निर्विवाद पुढे.

वेग: गंभीर १२२ चेंडू, धोनी ७९. धोनी सरस.

जोखीम: स्पर्धेत एकही अर्धशतक नसताना धोनी फॉर्मातल्या युवराजच्या आधी उतरला. कारण समोर फिरकीपटू मुरलीधरन होता, शिवाय डाव्या-उजव्या फलंदाजांची जोडी टिकवायची होती. अंगाशी आलं असतं तर लोकांनी फाडून खाल्लं असतं.

शेवट: गंभीर परेराला पुढे येऊन मारायला गेला आणि त्रिफळा उडाला. ५२ चेंडूंत ५२ हव्या होत्या. त्या धोनीने युवराजला घेऊन काढल्या.

पडझड थोपवायची असेल तर गंभीर, जमलेला पाठलाग तडीस न्यायचा असेल तर धोनी. सामनावीर धोनी ठरला. मी मात्र गंभीरलाच निवडलं असतं.