मॉश : पावसाळ्यात कोकणातून सर्व्हरवर काम करायचं असेल तर

एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून कमांड चालवायच्या साधनाने, काम करणाऱ्या आणि कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाने मॉश टाकून घ्यावं. एसएसएचच्या जागी वापरायचं, नेट तुटलं तरी न तुटणारं साधन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि गुहागरला घरून काम करताना माझा सगळा पावसाळा त्याच्या जिवावर निघतो.

जून लागला की आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. लाइट गेली की राउटर बंद, मग फोनचा हॉटस्पॉट. घर चिऱ्याचं, भिंती जाडजूड, माजघरात रेंज येत नाही. लॅपटॉप उचलून पडवीत यायचं, तेही झड आत येत नसेल तर. एवढ्यात आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदललेला असतो आणि एसएसएच थिजतं. कितीही की दाबा, स्क्रीनवर काही उमटत नाही, आणि बऱ्याच वेळाने ‘ब्रोकन पाइप’, म्हणजे कनेक्शन तुटल्याचा संदेश. डेटाबेसचं मायग्रेशन (टेबलांची रचना बदलण्याचं काम) चालू असताना हे झालं तर पोटात गोळा येतो. पूर्ण झालं, की मधेच मेलं? पुन्हा लॉगिन करून एकेक टेबल तपासत बसायचं. पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांना यातला मनस्ताप कळत नाही. नेट आलं ना, मग कर सुरू, म्हणतात.

एसएसएच टीसीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीवर चालतं, आणि टीसीपीचं कनेक्शन दोन्हीकडच्या आयपी आणि पोर्टशी (त्या पत्त्यावरच्या दाराच्या क्रमांकाशी) बांधलेलं. त्यातलं एक बदललं की खेळ खलास. मॉश फक्त लॉगिनपुरतं एसएसएच वापरतं, पुढचं सगळं यूडीपीवर, म्हणजे असं कनेक्शन न बांधता सुटी पॅकेटं पाठवणाऱ्या पद्धतीवर. तुमचं नवं पॅकेट ज्या पत्त्यावरून येईल तिकडे सर्व्हर उत्तर धाडायला लागतो. मधल्या वेळात वर निळी पट्टी दिसते, शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते सांगणारी. लॅपटॉप मिटून जेवून या, शेल (कमांड टाइप करायची जागा) जिथल्या तिथे.

दुसरा गुण टायपिंगचा. सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता अक्षर लगेच दिसतं. रेंज फारच मंद असेल तर खात्री होईपर्यंत त्याखाली रेघ असते. २०१२ साली एमआयटीच्या किथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी यावर पेपर मांडला. थ्रीजी नेटवर्कवर की दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा मध्यक वेळ एसएसएचला ५०३ मिलिसेकंद, मॉशला ५ पेक्षा कमी. पडवीतल्या एका कांडीच्या रेंजवर मला हा फरक रोज जाणवतो. शिवाय चुकून भलीमोठी लॉग फाइल स्क्रीनवर ओतली तरी कंट्रोल-सी तत्काळ लागू पडतं.

उणिवा आहेत. वर स्क्रोल करून जुनं आउटपुट बघता येत नाही, कारण मॉश फक्त समोर दिसणारी स्क्रीन जुळवत राहतं. म्हणून आत टीमक्स हवंच; ते सर्व्हरवर सेशन चालू ठेवतं आणि जुनं आउटपुट दाखवतं. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामचा डेटा त्याच कनेक्शनमधून नेणं, नाही. एडिटरचे पूर्ण रंग हवे असतील तर २०२२ ची १.४ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या.

खरी अडचण फायरवॉलची, म्हणजे कुठले पोर्ट उघडे ठेवायचे ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याची. सर्व्हरवरही मॉश टाकावं लागतं आणि यूडीपीचे ६०००० ते ६१००० पोर्ट लागतात. एका क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्यांनी ते उघडायला साफ नकार दिला, तिथे मी अजून एसएसएच आणि टीमक्सवरच दिवस काढतोय. तुम्ही मागाल तेव्हा हजार पोर्ट मागू नका. एका सेशनला एकच लागतो, आणि ‘-पी’ देऊन कुठले वापरायचे ते ठरवता येतं. दहा मागा, तेवढे मिळतात.