रिमोट सॉफ्टवेअरचा गुंता आणि विश्रामबागची संगणक सेवा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या हळदीच्या अडत पेढीचे मुख्य कार्यालय आहे. मिरज आणि तासगाव येथील शाखांचे संगणक व्हीपीएनने (इंटरनेटवरील खासगी जोडणीने) जोडलेले असून, त्यांची देखभाल येथील सर्व्हरवरूनच होते. शाखेतील हिशेबनिसाला अडचण आली की येथून रिमोटने त्याचा स्क्रीन उघडून ती सोडवायची, ही रोजची पद्धत. ऐन हंगामात, सौदे जोरात असताना, नेमके हेच बंद पडले. इंटरनेट सुरळीत होते, संगणक चालू होते. परंतु जोडायला गेले की कधी पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येई, तर कधी नुसता काळा पडदा दिसे. पहिल्या तंत्रज्ञाने सर्व संगणक फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला. तो पटला नाही, म्हणून सांगलीतीलच विश्रामबागमधील एका छोट्या सेवाकेंद्राला बोलावले. हे परीक्षण त्यांच्या कामाचे आहे.

आलेल्या मॅडमनी काहीही न काढता आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटस्टॅट -एएनओ’ ही आज्ञा दिली. कोणते पोर्ट, म्हणजे संगणकात येण्याजाण्याचे क्रमांकित दार, कोणता प्रोग्रॅम वापरतो, हे त्या आज्ञेने दिसते. दूरच्या संगणकाचा स्क्रीन दाखवणारे आमचे व्हीएनसी सॉफ्टवेअर सामान्यतः ५९०० क्रमांकाचे पोर्ट वापरते. त्या पोर्टसमोरचा प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) त्यांनी टास्क मॅनेजरच्या तपशिलात शोधला, तेव्हा तेथे आमचे सॉफ्टवेअर नव्हतेच. जुन्या देखभालदाराने बसवलेले दुसरे व्हीएनसी संगणक सुरू होताच ते पोर्ट अडवून बसत होते. आम्ही आमचा पासवर्ड देत होतो आणि तो तपासत होते ते जुने सॉफ्टवेअर, त्यामुळे तो नाकारला जाणे स्वाभाविकच होते.

खरी परीक्षा पुढे होती, कारण काढून टाकलेले सॉफ्टवेअर संगणक पुन्हा सुरू करताच परत हजर झाले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, फॉरमॅट केलं असतं तरी डोमेनला जोडताच हे परत आलं असतं.” डोमेन म्हणजे सर्व्हरच्या नियंत्रणाखालील संगणकांचा गट. त्या सर्वांना लागू होणाऱ्या सर्व्हरवरील नियमावलीत, म्हणजे ग्रुप पॉलिसीमध्ये, एक जुनी स्टार्टअप स्क्रिप्ट (संगणक सुरू होताच आपोआप चालणारी आज्ञावली) शिल्लक होती आणि ती प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर पुन्हा बसवत होती. त्यांनी पॉलिसीतून ती आधी काढली, शाखांतील संगणकांवर नवी पॉलिसी लागू झाल्याची खात्री केली आणि मगच जुने सॉफ्टवेअर हटवले. हा क्रम त्यांनी पाळला, म्हणूनच दुखणे पुन्हा उद्भवले नाही. केवळ अनइन्स्टॉल करून बिल हाती ठेवणारे पुष्कळ भेटतात.

काळ्या पडद्याचे कारण वेगळे निघाले. आमचे कर सल्लागार दुपारी विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने हिशेब पाहतात. विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकालाच काम करता येते. रिमोट डेस्कटॉपने कोणी आत शिरले की संगणकासमोरचा स्क्रीन लॉक होतो आणि त्याच स्क्रीनचे चित्र पाठवणाऱ्या व्हीएनसीला दाखवण्यासारखे काही उरत नाही. येथे दुरुस्तीपेक्षा शिस्तीची गरज होती. सल्लागारांसाठी स्वतंत्र संगणक नेमून देण्याची त्यांची सूचना आम्ही अमलात आणली.

काम संपल्यावर कोणत्या संगणकावर कोणती सेवा चालू ठेवली, कोणती बंद केली आणि फायरवॉलमध्ये काय बदलले, याची लेखी नोंद त्यांनी न मागता दिली. माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच, कारण उद्या दुसरा तंत्रज्ञ आला तरी त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही.

दोन उणिवा मात्र आहेत. बिलात कामाची फोड नव्हती, एकच ठोक रक्कम होती. शिवाय संध्याकाळनंतर फोन उचलला जात नाही. बाजारपेठेतील पेढ्यांचा हिशेब त्याच वेळी जुळवला जातो, तेव्हा ही गैरसोय लहान नाही. तरीही वार्षिक देखभालीचा करार आम्ही त्यांच्याशीच केला आहे. त्यांना बोलावण्यापूर्वी आपल्याकडे आजवर कोणकोणती रिमोट सॉफ्टवेअर बसवली गेली, कोणी बसवली आणि सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे, हे लिहून ठेवावे. त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.