घरात बीम बसवायचा, पण कुठल्या भिंतीला?

पुतण्या बारावी झाला आणि सैन्यभरतीच्या तयारीला लागला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं आमच्याकडं यात नवं काही नाही. पहाटे पळणारी पोरं खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही रस्त्यावर दिसतात. पळायला रस्ता फुकट मिळतो, बीम मात्र मिळत नाही. आडव्या बारला लटकून अंग वर ओढायचं, त्याला जिमवाले पुलअप म्हणतात, पोरांच्या तोंडी बीमच. भरतीच्या तक्त्यात १० बीमना ४० गुण आणि ६ ना १६, म्हणजे वरच्या चार बीमांवर २४ गुण टांगलेले. तालमीत बार आहे, पण संध्याकाळी त्याच्यापुढं रांग. म्हणून घरातच बसवायचं ठरलं.

आठ दिवस मी मोबाइलवर बार बघण्यात घालवले. ते आठ दिवस भिंती बघण्यात घालवायला हवे होते.

आमचं घर या भागातल्या पुष्कळ घरांसारखंच तीन तुकड्यांचं आहे. पुढचा सोपा आजोबांच्या काळातला, जांभ्याच्या चिऱ्यांचा, मातीत बांधलेला. मधला भाग वडिलांनी विटांत वाढवला. वरचा मजला अलीकडचा, आरसीसीचे खांब आणि मध्ये सिमेंटचे भरीव ब्लॉक. बार एकच, पण तो कुठं लावता त्यावर फास्टनर (भिंतीत ठोकायचे बोल्ट), ब्रॅकेट (बार पेलणारा लोखंडी हात), खर्च सगळं बदलतं. मी पहिल्यांदा सोप्यात लावला, कारण जागा मोकळी आणि भिंत सव्वा फूट जाड. एवढी जाड भिंत म्हणजे भक्कमच, असं वाटलं. साधे तीन इंची फास्टनर ठोकले. आजी दारातून म्हणाली, "भिंत कशाला फोडुलास रे?" अकराव्या दिवशी वरचे दोन्ही फास्टनर तांबडी भुकटी घेऊन बाहेर आले. पोरगं पायांवर पडलं म्हणून निभावलं.

हे का झालं ते आधी समजून घ्या, मग बाकीची तुलना सोपी जाते. बार भिंतीपासून साधारण ६० सेंमी पुढं असतो. ७० किलोचा माणूस लटकला की त्याचं वजन ब्रॅकेटला नुसतं खाली ओढत नाही, वरच्या बाजूनं भिंतीतून उपसतं. खालचे बोल्ट भिंतीवर दाबले जातात, वरचे बाहेर खेचले जातात. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंमी अंतर असेल, तर ७० गुणिले ६० भागिले २०, म्हणजे वरच्या बोल्टांवर २१० किलोची ओढ. तेच अंतर ४५ सेंमी केलं की ओढ ९३ किलोवर येते. ही झाली निवांत लटकण्याची गोष्ट. झोके घेत, झटका देत बीम मारले तर हा आकडा सहज दुप्पट धरायचा. म्हणून ब्रॅकेट घेताना पाइप किती जाड, रंग कसला, हे नंतर. आधी बोल्टांमधलं उभं अंतर मोजा. बाजारात देखण्या ब्रॅकेटांत नेमकं तेच आखूड असतं.

आता भिंती. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, हे खरं; पण तो सच्छिद्रच राहतो. साधा फास्टनर भोकात फुगून कडा धरतो. जांभ्यात तो फुगला की कडेचा दगडच चुरतो. तिथं दोनच मार्ग. एक, १२ मिमीचा आटे पाडलेला रॉड भिंतीतून आरपार काढायचा आणि पलीकडच्या बाजूला ६ मिमी जाडीची, दोन-तीन चिऱ्यांवर बसेल एवढी पट्टी लावून नट आवळायचा. दुसरा, केमिकल अँकर, म्हणजे जाळीच्या नळीत राळ भरून त्यात रॉड बसवायचा. मातीतल्या बांधकामात मी दुसऱ्यावर विसंबणार नाही, कारण राळ चिऱ्याला धरून ठेवेल, पण चिऱ्याला कोण धरणार? आरपार बोल्टच बरा. अडचण अशी की शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत भिंत दोन घरांची सामाईक असते आणि पलीकडं शेजाऱ्याचं देवघर निघतं. तिथं विषय संपला.

भाजलेल्या विटांची नऊ इंची भिंत चालते, अट एवढीच की भोक विटेत पडलं पाहिजे, दोन विटांमधल्या सांध्यात नाही. गिलावा हिशेबात धरायचा नाही. तो अर्धा-पाऊण इंच नुसता कपडा आहे. साडेचार इंची आडभिंत असेल तर तिला हात लावू नका. पोकळ ब्लॉक आणि पांढरे हलके एएसी ब्लॉक यांच्यात साधा फास्टनर म्हणजे लोण्यात खिळा. सगळ्यात उत्तम आरसीसी. पण खांबाचा मोह धरण्याआधी हे बघा: घरगुती खांब बहुधा नऊ इंच रुंद, आणि बारला मीटरभर अंतरावर दोन ब्रॅकेट लागतात. एका खांबावर एकच बसतं. मधल्या एकाच पट्टीवर तोललेले बारही मिळतात. त्यांची भोकं खांबाच्या कडेजवळ किंवा सळईवर येतात आणि एका हातावर जोर आला की बार डुलतो. मला ते पटले नाहीत.

आमचं उत्तर वरच्या मजल्यावर सापडलं. तिथं सात फुटांवर लिंटेलचा, म्हणजे दारा-खिडक्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतीभर सलग फिरवलेला आहे. वरचे बोल्ट, ज्यांच्यावर खरी ओढ, ते या काँक्रीटच्या पट्ट्यात. खालचे, जे नुसते दाबले जातात, ते खालच्या भरीव ब्लॉकमध्ये. बारही आपोआप सव्वासात फुटांवर आला, पावणेसहा फुटांच्या आतल्या पोराला एका छोट्या उडीत पकडता येईल असा. डोकं वर जायला छतापर्यंत भरपूर जागा राहिली. तुमच्याकडं पट्टा सलग आहे की फक्त दारा-खिडकीपुरता, हे बांधलेल्या गवंड्याला विचारा. गवंडी हयात नसेल तर ६ मिमीचं बारीक भोक मारा आणि भुकटी बघा: करडी म्हणजे काँक्रीट किंवा सिमेंट ब्लॉक, विटकरी म्हणजे वीट, नारिंगी-तांबडी म्हणजे जांभा. करडी आली तरी ड्रिल भसकन आत जातंय की अडखळतंय, त्यावरून काँक्रीट आणि ब्लॉक वेगळे कळतात.

भिंतच धड नसेल तर? छताचा विचार करा. स्लॅबला चार बोल्टांवर टांगलेल्या बारमध्ये तरफेचा खेळ नाही. ७० किलो चौघांत वाटले की एकेकावर वीसही येत नाहीत. कागदावर हे भिंतीपेक्षा सरस. पण इथं प्रत्येक बोल्ट सरळ खाली ओढला जातो, सैल झाला तर पूर्वसूचना मिळेलच असं नाही. स्लॅब चार-पाच इंचांचा, त्यात विजेच्या नळ्या गेलेल्या. आणि आरपार भोक काढलं की आमच्याकडच्या पावसात पहिल्याच आषाढात खाली बादली ठेवायची तयारी. वर आणखी मजला असेल तर छत घ्या, उघडी गच्ची असेल तर भिंत.

दाराच्या चौकटीत पिळून ताणायचा बार भाड्याच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांना परवडतो, घरमालक डिपॉझिट कापत नाही. तो घेतला तर टोकांखालच्या वाट्या स्क्रूनं पक्क्या करा. नुसत्या दाबावर राहिलेला बार कधीतरी फिरतोच. जुन्या घरांत चौकट फणसाची, दणकट, पण इतकी बुटकी की आत जातानाच मान वाकवावी लागते, तिथं लटकणार काय? चौकटीवर अडकवायचा दुसरा प्रकार आपल्याकडं बहुतेक निरुपयोगी. तो परदेशातल्या दारांवरच्या रुंद लाकडी पट्टीसाठी बनलेला आहे. आपली चौकट गिलाव्याला समपातळीत, अडकणार कशावर?

जमिनीवर उभा करायचा टॉवर? अर्धी खोली खातो आणि महिनाभरात त्यावर टॉवेल वाळतात.

परस असेल तर मात्र माझं मत वेगळं. दोन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप दोन-अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये पुरा, वर आडवा बार. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत खड्डा आणखी खोल लागतो, ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, खांब कलतात. खानापुरात प्रश्न मातीचा नाही, पावसाचा. चार महिने बार ओला, हात घसरतात आणि पोरगं तेवढंच निमित्त शोधत असतं. छज्ज्याला किंवा गॅलरीच्या कठड्याला बार बांधलेला मी एकदोन गावांत पाहिलाय. छज्जा एका बाजूनं अधांतरी असतो, तो माणसाच्या झोक्यांसाठी ओतलेला नाही. ते करू नका.

तयार ब्रॅकेट की करून घ्यायचा, यात मी करून घेण्याच्या बाजूचा. तयार वस्तूंत पुष्कळांची भोकं १६ इंचांच्या हिशेबानं पाडलेली असतात, कारण मूळ आराखडा लाकडी सांगाड्याच्या भिंतींसाठीचा. सोबतचे लांब स्क्रूही लाकडाचे. ते आपल्या भिंतीला शून्य उपयोगाचे, डब्यात टाका. उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाल्यांची कमतरता नाही, पण त्यांना नुसतं "बार पायजे" म्हणून चालत नाही. आम्ही कागदावर चित्र काढून दिलं: भिंतीला लागणारी उभी पट्टी ५० बाय ६ मिमी, ५५ सेंमी लांब, बोल्टांच्या भोकांत ४५ सेंमी अंतर, खालून तिरपा आधार, भोकं ड्रिलनं पाडलेली, गॅसनं जाळलेली नकोत, वेल्डिंग चारी बाजूंनी. आडवा बार एक इंची जीआय पाइपचा. नाव एक इंच, बाहेरून तो ३३.७ मिमी भरतो आणि मोठ्या पंज्याला बरोबर बसतो. पंजा लहान असेल तर पाऊण इंची घ्या, तो बाहेरून २६.९ मिमी. सव्वा इंची ४२ मिमीच्या वर जातो, त्यावर पकड आधी दमते, पाठ नंतर. पाइपवर तांबडा पट्टा असलेला सी क्लास मागा. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास पातळ असतो. पावडर कोटिंग दिसायला छान पण गुळगुळीत. आम्ही ब्रॅकेटला रेडऑक्साइड आणि रंग दिला, बार तसाच ठेवला.

वरच्या मजल्यावर आम्ही केमिकल अँकर वापरला. तो बसवताना सगळ्यात जास्त वेळ भोक साफ करण्यात घालवा. केमिकल अँकर धुळीला चिकटला तर भिंतीला चिकटत नाही. आधी पंपानं हवा, मग तारेचा ब्रश, पुन्हा हवा, असं दोनदा. १२ मिमीच्या रॉडला काँक्रीटमध्ये १४ मिमीचं भोक घेतलं. एका भोकात ड्रिल सळईला लागलं. गड्यानं जोर लावायला घेतला, त्याला थांबवलं. सळई कापायची नाही, भोक दोन इंच सरकवायचं. म्हणूनच पट्टीला वर एक जादा भोक ठेवून घ्या. विटेत किंवा ब्लॉकमध्ये शिरताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नुसतं फिरवा; मागचा भाग फुटत नाही. राळ वाळायला किती वेळ ते नळीवर लिहिलेलं असतं. आम्ही तरीही पूर्ण एक दिवस थांबलो. राळेची नळी साध्या फास्टनरांपेक्षा बरीच महाग पडते, पण एका नळीत चार भोकं होऊन पुष्कळ उरते. उरलेल्यात गेटची बिजागरी बसवली.

मग चाचणी. सिमेंटची दोन पोती, ५० किलोचं एकेक, दोरानं बारला हळूच टांगली आणि तासभर तशीच ठेवली. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून बघितलं. सरकलं नाही. प्रत्येक नटावरून भिंतीपर्यंत रंगाची एक रेघ ओढली, नट फिरला की रेघ तुटते आणि लांबूनही कळतं.

गेल्या पावसाळ्यानंतर डावीकडच्या खालच्या नटाची रेघ थोडी तुटलेली दिसली. पान्यानं पाव फेरा आवळला आणि नवी रेघ ओढली. पुतण्या सध्या आठवर आहे.