जनआरोग्य योजनेतून हाडाचं ऑपरेशन, सांगली-मिरजेचा आमचा अनुभव

सासूबाई अंगणात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. सांगलीत हाडांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, ऑपरेशन कुठं होतंय ते पटकन कुणी सांगत नाही. एका खाजगी हॉस्पिटलवर योजनेचा भला मोठा बोर्ड बघून तिथं नेलं तर काउंटरवर म्हणतात, योजना आहे ओ, पण ऑर्थो, म्हणजे हाडांचे उपचार, त्यात बसत नाही, डिपॉझिट भरा. म्हातारं माणूस स्ट्रेचरवर कण्हतंय आणि हे असलं उत्तर, लई राग आला. हॉस्पिटलला ठराविक विभागांचीच मान्यता असते, मग कुठले विभाग ते बोर्डावर लिहायला काय जातंय?

तिथनंच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावला, माहिती घेतली आणि थेट मिरज सिव्हिलला गेलो. तिथल्या आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या कामाला हॉस्पिटलात बसणाऱ्या मदतनिसाचं, मात्र मनापासून कौतुक. रेशनकार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर बोटानं जुळवून बघितलं, एका ठिकाणी वेलांटीचा फरक होता तो त्यानंच दाखवला आणि म्हणाला, "ताई, घाबरू नका, मी बघतो, तुम्ही आजींजवळ बसा." एक्स-रे आणि कागद ऑनलाइन पाठवले, मंजुरी आली की रॉड टाकला. ऑपरेशन, रॉड, औषधं, जेवण, कशालाच पैसे मागितले नाहीत. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून हाड कुठं मोडलंय ते सासूबाईंना स्वतः दाखवलं. गर्दी आहे, वॉर्डात पेशंटजवळ घरचं माणूस पाहिजेच, पण काम चोख.

आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतंय आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, तरी आमच्याकडं अजून लोक दागिने गहाण टाकून ऑपरेशन करतात, वाईट वाटतं ओ. नुसती ओपीडीत तपासणी यात बसत नाही, ॲडमिट होऊन उपचार असेल तरच. काही ऑपरेशनं फक्त सरकारी हॉस्पिटललाच राखीव आहेत, त्यामुळं पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला गाठा आणि नेमकं ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं पण यातच येतात, ती सोडू नका. वॉकर आम्ही बाहेरून घेतला, आता सासूबाई तो धरून धरून दारापर्यंत येतात.