बिलात ॲडाप्टर, भिंतीत चिकटपट्टी

गोव्यात डिचोलीजवळच्या आमच्या घराचं वायरिंग नव्याने करायला दिलं, तेव्हा बोलणं स्पष्ट झालं होतं. घरात पीव्हीसी पाईप भिंतीत गाडायचा आणि बाहेर विहिरीच्या पंपापर्यंत उघड्यावर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप न्यायचा. दोन्ही पाईप मिळतात तिथे आट्यांचा ॲडाप्टर बसवायचा आणि आतून सलग हिरवी अर्थिंगची वायर ओढायची. बिलात हे सगळं आहे. पैसेही पूर्ण दिले.

मृगाचा पाऊस लागला आणि आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडू लागला. कंत्राटदार म्हणाला, "पात्रांव, ३० मिलिॲम्पिअरचा हा डबा पावसात असेच नखरे करतो." थोडी खुडबुड करून, वेगळे पैसे घेऊन गेला. पडणं थांबलं. मग एका दुपारी पंप चालू असताना वहिनीचा ओला हात त्या जीआय पाईपला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. पायात रबरी चपला होत्या म्हणून निभावलं.

म्हापशाहून परवानाधारक वायरमन आणला. त्याने आधी डबा उघडला. 'दुरुस्ती' म्हणजे आरसीसीबीला वळसा घालून फेज-न्यूट्रल थेट पुढे जोडले होते! मग त्याने चिऱ्याच्या भिंतीवरचा गिलावा फोडला. ॲडाप्टर नव्हताच. पीव्हीसी पाईप तापवून जीआयवर चढवला होता, वर चिकटपट्टी आणि एम-सील. पीव्हीसी चिकटवायचं सोल्यूशन लोखंडाला धरत नाही, आणि उन्हात पीव्हीसी लोखंडाच्या चार-पाच पट प्रसरण पावतं; असा सांधा सुटणारच. सांध्यातून पाणी शिरलं होतं. जीआयची कापलेली कड कानसही न मारता तशीच धारदार सोडली होती, कडेवर बसवायचं बुश (वायर कापू नये म्हणून लावतात ती कडी) हेही नव्हतं. तिने फेजच्या वायरचं आवरण कापलं होतं.

हिरवी वायर? ती सांध्याच्या अलीकडेच संपली होती. मध्ये प्लास्टिक आलं की लोखंडी पाईपचा अर्थिंगशी संबंध तुटतो, म्हणून तिथे क्लॅम्पने वायर जोडून पुढे नेणं अत्यावश्यक असतं. ते नसल्यामुळे पाईपमध्ये वीज उतरली तरी एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पडणारा स्विच) पडण्याइतका प्रवाह वाहतच नव्हता. आरसीसीबीने तो गळका प्रवाह बरोबर ओळखला होता, आणि या गृहस्थाने पहारेकरीच हाकलून दिला.

गिलावा करण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढा. मेन स्विच बंद करून मल्टिमीटरचं एक टोक जीआय पाईपला आणि दुसरं अर्थिंगला लावा. बीप वाजलाच पाहिजे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर घरातले दिवे गेले पाहिजेत. आमच्याकडे ते जळतच राहिले असते, पण दाबून बघायचं कुणी सांगितलंच नव्हतं.

कंत्राटदार आता फोन उचलत नाही. साखळी शहराकडे बंगल्यांची कामं घेतो असं कळतं. दर स्वस्त सांगतो, आणि बिलावर परवाना क्रमांक लिहीत नाही.