हेट लो राजवाडा: वारंवार सोडाव्या लागलेल्या घराची भेट

नेदरलँड्सच्या राजघराण्याचा इतिहास एकाच वास्तूत पाहायचा असेल, तर आपेलडोर्न येथील हेट लो राजवाड्याइतकी समृद्ध जागा दुसरी नाही, असे माझे मत आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने सुमारे तासाभरात आपेलडोर्न गाठता येते आणि स्थानकापासून राजवाड्यापर्यंत बस जाते. १९८४ पासून हा वाडा संग्रहालय म्हणून खुला आहे. २०१८ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी तो बंद झाला, २०२२ मध्ये पुन्हा उघडला आणि २०२३ मध्ये दर्शनी चौकाच्या पोटात बांधलेली नवी भूमिगत दालनेही सुरू झाली. वाड्याच्या थाटामाटाचे वर्णन अनेकांनी केलेले आहे. या परीक्षणात मी एकच गोष्ट तपासणार आहे: राज्यक्रांती, परकीय आक्रमण, पदत्याग आणि परागंदा होण्याचे प्रसंग या घराण्यावर एकामागून एक आले, त्यांचा माग इथे किती लागतो?

पहिली ओळख चौकातच होते. जिथे पूर्वी हिरवळीचे चौकोन होते, तिथे आता जमिनीच्या पातळीवर काच बसवलेली आहे आणि त्या काचेवर पाण्याचा पातळ थर आहे. खाली उतरून वर पाहिले की प्रकाश पाण्यातून गाळून येत असल्यासारखा भासतो. एवढे मोठे बांधकाम केले, पण जुन्या इमारतीच्या दर्शनी रूपाला कुठेही धक्का लागू दिला नाही, ही गोष्ट मनापासून दाद देण्याजोगी आहे.

आत जाण्यापूर्वी एक पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी. ऑरेंज-नासाऊ घराणे मुळात राजघराणे नव्हते. डच प्रजासत्ताकात या घराण्यातील पुरुष स्टॅडहोल्डर असत, म्हणजे प्रांतांनी नेमलेले सेनापती आणि कारभारी. पेशवाईचे पद जसे नेमणुकीचे असूनही एकाच घरात स्थिरावले, तसेच काहीसे इथेही घडले आणि १७४७ मध्ये हे पद सर्व प्रांतांत रीतसर वंशपरंपरागत झाले. हेट लो बांधला तो स्टॅडहोल्डर तिसऱ्या विलेमने. १६७२ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशपांची सैन्ये एकाच वेळी अंगावर आली, त्या संकटात वयाच्या बाविशीच्या आत सत्तेवर आलेला हा माणूस. त्याने १६८४ मध्ये ही जागा शिकारीसाठी घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या जुन्या गढीला न पाडता नवा वाडा उभारला. १६८९ मध्ये तो आणि त्याची पत्नी मेरी इंग्लंडचे राजा आणि राणी झाले. शिकारीचा वाडा आता एका राजाला शोभायला हवा होता, म्हणून बाजूचे अर्धवर्तुळाकार स्तंभमार्ग काढून तिथे चार नवी दालने जोडली गेली. काढलेले स्तंभ बागेच्या वरच्या टोकाला नेऊन बसवले आणि तशीच रचना आज तिथे पाहायला मिळते.

बागेतील राजाचे कारंजे मी बराच वेळ पाहत उभा होतो. पाण्याचा तो एकच जाड खांब तेरा मीटर वर चढतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, वाऱ्याची झुळूक आली की त्याचा माथा एका बाजूला वाकतो आणि तुषार वाटेवरच्या खडीपर्यंत येतात. विलेमच्या काळी या कारंज्याला यंत्राची गरज नव्हती, कारण आसपासच्या उंचवट्यावरून येणाऱ्या पाण्याचा दाबच पुरेसा होता. फ्रान्सच्या ज्या चौदाव्या लुईशी विलेम आयुष्यभर झुंजला, त्याला व्हर्सायच्या कारंज्यांसाठी नदीचे पाणी प्रचंड चाके लावून उपसावे लागे. या कारंज्यात केवळ शोभा नव्हती, तर एका राजाने दुसऱ्या राजाला दिलेले उत्तर होते, हे तिथे उभे राहिल्यावर पटते.

या बागेपाशीच माझा मुख्य आक्षेपही सुरू होतो. आपण पाहतो ती बाग आणि विटांची लालसर भिंत हे १९७७ ते १९८४ या काळातील जीर्णोद्धाराचे फळ आहे. नेपोलियनचा भाऊ लुई १८०६ मध्ये हॉलंडचा राजा झाला. त्याने वाड्याला पांढरा गिलावा दिला आणि भूमितीत आखलेली जुनी बाग बुजवून तिच्या जागी इंग्रजी पद्धतीचे मोकळे उद्यान केले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राणी विल्हेल्मिनाने वाडा वाढवून त्यावर वरचा मजला चढवला. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी गिलावा खरवडला, मजला उतरवला, मातीखाली सापडलेल्या जुन्या अवशेषांच्या आधारे बाग पुन्हा आखली आणि वाडा सतराव्या शतकाच्या रूपात परत आणला. त्यांचे कौशल्य वादातीत आहे. परंतु त्यामुळे फ्रेंच राजवटीची सर्वांत ठळक खूण पुसली गेली, आणि ही वास्तू तीनशे वर्षे निर्धास्त उभी राहिली असावी असा समज बाहेरून पाहणाऱ्याचा होतो. प्रत्यक्षात उलथापालथीच्या काळात हा वाडा वारंवार रिकामा झाला आहे.

त्या घडामोडींचा क्रम प्रेक्षकाने मनाशी जुळवून मगच दालनांतून फिरावे, असे मी आग्रहाने सुचवतो. १७८० च्या दशकात स्वतःला देशभक्त म्हणवणाऱ्या सुधारकांनी पाचव्या विलेमविरुद्ध उठाव केला आणि त्याला हेग सोडावे लागले. जून १७८७ मध्ये त्याची पत्नी विल्हेल्मिना हेगकडे निघाली असता वाटेत देशभक्तांनी तिला अडवले. ती प्रशियाच्या राजाची बहीण होती. भावाने सैन्य पाठवले, काही आठवड्यांत उठाव मोडला आणि हजारो देशभक्त फ्रान्सला पळाले. तेच लोक १७९५ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात, गोठलेल्या नद्या ओलांडणाऱ्या फ्रेंच फौजांबरोबर परत आले. १८ जानेवारीला पाचवा विलेम स्खेव्हेनिंगनच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या होडीने इंग्लंडला निघून गेला. सिलोनहून आलेले हान्स आणि पार्की हे दोन हत्ती त्याच्या प्राणिसंग्रहात होते आणि ते इथे हेट लोच्या आवारात राहत. फ्रेंचांनी चित्रांबरोबर हे हत्तीही युद्धातील लूट म्हणून ताब्यात घेतले आणि १७९८ मध्ये ते पॅरिसला पोहोचले, जिथे त्यांच्यावर संगीताचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी खास मैफल भरवण्यात आली. मालक होडीतून परागंदा आणि त्याचे हत्ती शत्रूच्या राजधानीत, यावरून त्या वर्षांत घराण्याची अवस्था काय झाली होती, याची पूर्ण कल्पना येते.

१८१३ च्या नोव्हेंबरात त्याच किनाऱ्यावर पाचव्या विलेमचा मुलगा उतरला आणि १८१५ मध्ये आजच्या बेल्जियमसह एकत्र केलेल्या राज्याचा राजा पहिला विलेम झाला. स्टॅडहोल्डरांचे घराणे राजघराणे झाले ते इथपासून. (दोन्ही क्रम वेगळे धरल्यामुळे इतिहासात तिसरे विलेम दोन आहेत, एक स्टॅडहोल्डर आणि एक राजा. दालनांतील फलक वाचताना हा घोळ अनेकांचा होतो.) बेल्जियम १८३० मध्ये फुटला, पण राजाने नऊ वर्षे ते मान्य केले नाही. त्याच १८३० पासून जावाच्या शेतकऱ्यांवर निर्यातीची पिके सक्तीने लादली गेली आणि त्यातून आलेल्या पैशावर डच तिजोरी तरली. या वाड्यातील झुंबरे पाहताना ती शेतेही डोळ्यांपुढे असावीत. ७ ऑक्टोबर १८४० रोजी, राज्यघटनेतील बदलांना कंटाळलेल्या आणि एका बेल्जियन कॅथलिक स्त्रीशी विवाह करू इच्छिणाऱ्या पहिल्या विलेमने याच हेट लोमध्ये पदत्यागाच्या पत्रावर सही केली. त्याचा मुलगा दुसरा विलेम १८४८ मध्ये युरोपभर पेटलेल्या क्रांत्या पाहून एका दिवसात पुराणमतवादी मताचा उदारमतवादी झाला, असे त्यानेच सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. उदारमतवादी नेते थोरबेके यांनी लिहिलेल्या नव्या घटनेने सत्ता मंत्र्यांकडे आणि संसदेकडे नेली, आणि माझ्या मते हे घराणे टिकले ते या माघारीमुळे.

वाड्यात सर्वांत जिवंत वाटतो तो राणी विल्हेल्मिनाचा काळ. तिचे वडील, राजा तिसरा विलेम, २३ नोव्हेंबर १८९० रोजी इथेच वारले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. तोवर याच राजाच्या अमलाखाली असलेल्या लक्झेंबर्गमध्ये स्त्रीला वारसा नसल्याने ते राज्य वेगळे झाले आणि इकडे आई एम्मा हिने आठ वर्षे कारभार सांभाळला. सतराव्या शतकातील सोनेरी दालनांमधून तिच्या काळातील खोल्यांत आलो की एकदम घरात शिरल्यासारखे वाटते. लिहिण्याचे टेबल आणि कुटुंबाची छायाचित्रे पाहताना आपण राणीपेक्षा एका कामसू बाईच्या सहवासात आहोत असे जाणवते. याच बाईने नोव्हेंबर १९१८ मध्ये, शेजारच्या जर्मनीचा सम्राट कैसर पदच्युत होऊन तिच्याच देशात आश्रयाला आलेला असताना आणि समाजवादी नेते ट्रुल्स्ट्रा यांनी संसदेत क्रांतीची हाक दिलेली असताना, हेगच्या मैदानावर उघड्या बग्गीतून लेकीसह लोकांसमोर जाण्याचे धाडस केले. सैनिकांनी घोडे सोडून ती बग्गी स्वतः ओढली. जर्मन आक्रमणामुळे १३ मे १९४० रोजी मात्र तिलाही ब्रिटिश युद्धनौकेवरून इंग्लंडला जावे लागले. पाचव्या विलेमच्या पलायनाशी तुलना होणारच होती आणि त्या दिवशी अनेकांना ती फसवणूक वाटली. तिने लंडनहून रेडिओवरून लोकांशी बोलत राहून तो विश्वास परत मिळवला. १३ मार्च १९४५ ला ती ईडे या गावी, रस्त्यावर पिठाने आखलेली सीमारेषा पायी ओलांडून मायदेशी आली. १९४८ मध्ये मुलगी युलियाना हिच्याकडे राज्य सोपवून ती हेट लोमध्ये राहायला आली आणि २८ नोव्हेंबर १९६२ रोजी इथेच वारली. तिच्या इच्छेप्रमाणे अंत्ययात्रा पांढऱ्या रंगात निघाली.

पाचपैकी चार गुण मी या वाड्याला देईन. एक गुण कापला तो वर सांगितलेल्या पुसलेल्या थरासाठी. दालने, बाग, घोड्यांच्या पागेतील राजघराण्याच्या बग्ग्या आणि मोटारी हे सर्व पाहायला पूर्ण दिवस राखून ठेवावा. बाग आधी वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून पाहावी, कारण तिची आखणी उंचीवरूनच नीट कळते, आणि नंतर खाली उतरावे.

दुसरा दिवस हाताशी असेल तर डेल्फ्टच्या नव्या चर्चला जावे. तिथे १५८४ मध्ये खून झालेल्या, या घराण्याच्या पहिल्या विलेमची, म्हणजे विलेम ऑफ ऑरेंजची समाधी आहे आणि तिच्याजवळच राजघराण्याच्या तळघराचे बंद दार. आत जाता येत नाही. स्खेव्हेनिंगनहून होडीत बसलेला पाचवा विलेम १८०६ मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे वारला आणि तिथेच पुरला गेला होता. १९५८ मध्ये त्याचे अवशेष आणून या तळघरात ठेवण्यात आले.